न पडलेली दरड आणि विचित्र कण

जिनिव्हाला जायला निघाले त्या दिवशी आबा ड्युटीवर होते. भाद्रपद चालू होता, पाऊस सरला नव्हता, आणि पावसाळ्यात घाटातल्या मैलकुलीला रजा मिळत नाही. रस्त्याचा काही किलोमीटरचा तुकडा अशा एकेका माणसाच्या हवाली असतो. गटारं उपसायची, खड्डे बुजवायचे, कडे न्याहाळायचे. माझ्या वडिलांचा तुकडा आंबेनळीत होता. मी कुडपणहून जीपने खाली घाटरस्त्यावर उतरले, दोन बॅगा घेऊन पुण्याच्या एसटीत चढले. पुण्याहून पुढे विमानतळ, आणि पुढे सगळंच पहिल्यांदा.

ड्रायव्हर ओळखीचा होता. आबांच्या वळणावर त्याने न सांगता गाडी उभी केली. आबा आत आले नाहीत. बूट चिखलाने भरले होते, म्हणून पायरीवरच दांडा धरून उभे राहिले.

"सगळं घेतलंस ना, वनू?"

"हो."

"पासपोर्ट?"

"हाय." घरी चार दिवस राहिलं की माझ्या 'आहे'चं आपोआप 'हाय' होतं.

"तिथले रस्ते बरे असतील," एवढं म्हणाले आणि खाली उतरले. कंडक्टरने दोनदा बेल मारली. मी मागच्या काचेतून पाहिलं. वाटलं होतं, गाडी वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहतील. ते बघतच होते, पण गाडीकडे नाही. मान वर करून कड्याकडे बघत होते. एकुलती एक पोर देशाबाहेर चालली आहे आणि हा माणूस दगड बघतो आहे. वाई येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

कुडपणची, पोलादपूरची माझी माणसं, आणि माझ्यासारखी बाहेर पडलेली पोरं, तुम्ही मला नेहमी विचारता की तू तिथं नक्की करतेस काय. आईला शेजारणी विचारतात तेव्हा ती सांगते, "मशिनीवर हाय." ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. आज जरा नीट सांगते.

महाडला कॉलेजात असताना आम्हाला काझी सर भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांचे दोन्ही भाऊ आखाती देशांत होते, घरातले मागे राहिलेले हे एकटेच. वर्ग सुटला की मी त्यांच्यामागे पुस्तकं धरून उभी असायची. एकदा त्यांनी फळ्यावर खडूने इंग्रजी व्ही अक्षर काढलं आणि म्हणाले, "हे बघ. इथे या टोकाच्या आधी काहीच दिसत नाही. आणि अचानक दोन रेषा फुटतात. आधी काहीच नव्हतं का? होतं. पण ते माग न ठेवता चालत आलं." त्या व्हीने माझं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं. सरांना ते ठाऊक नसावं. त्यांनी लगेच फळा पुसला, पुढच्या तासाच्या मास्तरांना हवा होता म्हणून.

आपण, आपली भांडी, आपला डोंगर, या सगळ्यांच्या अणूंच्या गाभ्यात दोनच जातींचे क्वार्क, म्हणजे सगळ्यात बारीक कण, असतात. तिसरी एक जात आहे, तिला स्ट्रेंज म्हणतात, विचित्र. रोजच्या पदार्थात ती सापडत नाही. मात्र प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पळवून समोरासमोर आदळले, की त्या टकरीच्या ऊर्जेतून हे विचित्र क्वार्क नव्याने जन्माला येतात, आणि येतात ते नेहमी आपल्या उलट जोडीदाराला घेऊन. त्यांच्यापासून बनलेले कण काही सेंटिमीटर जातात आणि फुटतात. डोळ्याचं पातं लवायला जो वेळ लागतो त्याच्या कोट्यवधी भागांतल्या एका भागात हे सगळं आटोपतं, तरी कणांच्या जगात ते म्हातारेच म्हणायचे. आकाशातून येणाऱ्या किरणांमध्ये पहिल्यांदा दिसले तेव्हा ते झटकन जन्मत, पण मरायला अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ लावत. म्हणून नाव पडलं विचित्र. यातल्या काहींवर विद्युतभार नसतो, त्यांचा माग उमटत नाही. फुटले की मात्र दोन माग निघतात. तीच काझी सरांची व्ही.

माझं काम या व्ही मोजायचं. जिनिव्हाजवळ जमिनीखाली शंभर मीटरवर सत्तावीस किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे, त्यात टकरी होतात, आणि मी वर एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून त्या टकरींचा डेटा चाळते. काही टकरींत मोजके कण बाहेर पडतात, काहींत जत्रेसारखी गर्दी. गर्दी वाढली की विचित्र कणही वाढणार, यात नवल नाही. नवल हे की त्यांचा वाटासुद्धा वाढतो. शंभरात दोन असतील तर गर्दीत शंभरात तीन, अशा तऱ्हेने. ज्या कणात विचित्र क्वार्क जास्त, त्याचा वाटा आणखी वेगाने चढतो. शिशासारख्या जड अणुगर्भांच्या टकरीत असं होतं हे माहीत होतं. एवढ्याशा प्रोटॉनांच्या टकरीत ते दिसेल असं फार थोड्यांना वाटलं होतं. असं का होतं यावर अजूनही माणसं भांडतात, आणि ती भांडणं ऐकताना मला अजूनही अंगावर काटा येतो. निसर्गाने एवढ्याशा जागेत केवढं ठेवलंय!

पहिलं वर्ष मात्र कौतुकाचं नव्हतं. जिनिव्हाच्या हद्दीपलीकडे फ्रान्सच्या बाजूला एका गावात भाड्याची खोली होती. बेकरीत 'बोंझूर' म्हटल्याशिवाय काही मागितलं की बाई ऐकू आलं नाही असं करायची. मला वाटायचं माझा रंग तिला आवडत नाही. पुढे कळलं की ती सगळ्यांनाच तसं करते, नमस्कार न करता वस्तू मागणं तिच्या गावात उद्धटपणा समजतात. आता ती माझ्यासाठी शेवटचा पाव बाजूला काढून ठेवते. थंडीत नळाचं पाणी बोटांना चावायचं. मिटिंगमध्ये तीस-चाळीस माणसं, चौदा-पंधरा देशांची, प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. मी पहिले सहा महिने तोंड उघडलं नाही. आमच्या गटाची प्रमुख क्लारा, इटलीची, पन्नाशीची बाई. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, "वनिता, तू गप्प असतेस तेव्हा आम्ही चुकत असतो असं माझ्या लक्षात आलंय. तर चूक होतानाच बोलत जा." त्यानंतर मी बोलायला लागले.

तिसऱ्या वर्षी मला ते सापडलं. बाकीच्यांच्या आलेखात विचित्र कणांचा वाटा हळूहळू चढत होता. माझ्या आलेखात सर्वांत गर्दीच्या टोकाला तो एकदम उभा राहिला, कुडपणच्या पठाराचा कडा असावा तसा. तिथे काहीतरी नवीनच घडत असणार. क्लाराने तीनदा बघितलं आणि मला मिठी मारली. आमच्या अंतर्गत सभेत मंगळवारी हा निकाल मांडायचा, तिथे मान्य झाला की पुढे परिषदेत जाणार, असं ठरलं. माझी शिष्यवृत्ती त्या वर्षी संपत होती. अशा एका निकालावर पुढची नोकरी मिळते, तिथे राहायचा परवाना वाढतो. मी मनात पोलादपूरला पत्रकारसुद्धा बोलावून ठेवले होते.

आणि आदल्या गुरुवारी दुपारी, जेवून आल्यावर, स्लाइड्सवर शेवटचा हात फिरवताना मला एक गोष्ट खटकली. गर्दीत कुणाचीही जोडी कुणाशीही जुळते. दोन माग अगदी योगायोगाने जवळून गेले तरी व्ही दिसते. अशा खोट्या व्हींचा अंदाज करून तो वजा करावा लागतो, आणि मी तो केला होता. पण तो अंदाज मी कमी गर्दीच्या टकरींवरून बांधला होता. तोच त्या टोकाला चालेल, असं मी धरून चालले होते.

इथे मला तुम्हाला मागे न्यावं लागेल. मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट पोलादपुरात जुन्या माणसांना आठवत असेल. चार दिवस पावसाची झड होती. आबांच्या तुकड्यात एका कड्याखालून बारमाही झरा वाहायचा, काचेसारखं पाणी. त्या सकाळी ते लाल आलं, म्हणजे कड्याच्या पोटातली माती सुटत होती. आबांनी कड्यावर बघितलं, एक झाड रोजच्यापेक्षा झुकलेलं वाटलं. त्यांनी रस्त्यावर दगड रचले, लाल फडकं लावलं आणि एकट्याने घाट बंद केला. दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या. महाबळेश्वरला निघालेली कुटुंबं, भाजीचे टेम्पो, एसट्या. लोकांनी त्यांना काय काय शिव्या दिल्या ते मला रांगेत अडकलेल्या एसटीतल्या एका मैत्रिणीकडून कळलं. आबा एकच बोलत होते, "पाणी लाल आलंय. जाऊ देत नाय." सहा तासांनी साहेब आले, त्यांनी कडा बघितला, दगड बाजूला करायला लावले. गाड्या सुटल्या. काही पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आबांना वरिष्ठांना न विचारता रस्ता अडवला म्हणून मेमो आला.

उत्तर मी लिहिलं, ते सांगत गेले तसं. "पाणी लाल आलं म्हणून रस्ता बंद केला. पुन्हा लाल आलं तर पुन्हा बंद करीन." मी म्हटलं, आबा, शेवटचं वाक्य नको. ते म्हणाले, "तेच तर लिहायचं हाय."

कॉलेजात पोरं मला 'दरडवाल्याची' म्हणू लागली. आज इतक्या वर्षांनी कबूल करते, त्या पावसाळ्यात मी रोज मनातल्या मनात म्हणायची, पडू दे एकदा तो कडा. रिकामा रस्ता असताना पडू दे, पण पडू दे. आबा बरोबर ठरू देत. तो कडा पडला नाही. आजही उभा आहे.

तर त्या गुरुवारी मी घरी फोन लावला. इथे दुपारचे दोन, तिकडे संध्याकाळ. आबांना जमेल तसं समजावलं. मोठं काहीतरी सापडलंय असं वाटतंय, पण बहुतेक ते खरं नाही, आणि मंगळवारी सगळ्यांसमोर सांगायचंय.

"कुणी पकडलंय काय तुला?"

"नाही. कुणाला कळणारही नाही. निदान वर्षभर तरी."

आबा मग म्हणाले, "रस्ता बंद केला त्या दिवशी माझं पाय कापत होतं गो. नोकरी गेली तर तुझं कॉलेज बंद, हेच डोक्यात."

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटायचं आबांना भीती नावाची गोष्ट नाहीच. "मग उभे कसे राहिलात?"

"बसणार कुठं? पाऊस केवढा होता."

मी फोन धरून हसले आणि मग रडले. ते पलीकडून विचारत राहिले, "काय झालं? काय झालं गो?"

भार नसलेला कण फुटला की एक माग धनभाराचा निघतो आणि एक ऋणभाराचा. दोन्ही धन कधीच निघत नाहीत. म्हणून मी मुद्दाम दोन्ही धन आणि दोन्ही ऋण अशा जोड्या लावून बघितल्या. त्यातून जी व्ही निघेल ती नक्की योगायोगाची. शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर हातात होतं. गर्दीच्या टोकाला खोट्या व्ही माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होत्या. त्या वजा केल्या आणि माझा उभा कडा आडवा झाला. उरला तो सगळ्यांना माहीत असलेला हळूहळू चढणारा उतार.

तो आलेख घेऊन मी क्लाराच्या दारावर टकटक केली. तिने आलेख बघितला, चष्मा काढला. तिचंही त्यात बरंच काही अडकलं होतं. गटाला पुढच्या तीन वर्षांची मंजुरी मिळायची होती. मग म्हणाली, "मंगळवारी तू बोलायचंच आहेस. फक्त स्लाइड्स बदल."

मी बोलले. काय दिसलं होतं, का दिसलं होतं, आणि ते का खरं नाही. वीस मिनिटं. मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून यान उठले. पोलंडचे, निवृत्तीला आलेले, या विषयातला मोठा माणूस; त्यांचे निबंध वाचून मी शिकले होते. म्हणाले, "ही जोड्यांची तपासणी मला देशील? माझ्या जुन्या निकालात मी हेच गृहीत धरलं होतं. मला बघायचंय."

दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून सगळ्यांना कळवलं की त्यांच्या एका जुन्या आकड्यात थोडी दुरुस्ती लागेल, आणि ती कुणामुळे लक्षात आली तेही लिहिलं. चाळीस वर्षांचं नाव असलेला माणूस एका विद्यार्थिनीचं नाव लिहून आपली चूक जगाला सांगतो. तो निरोप मी कितीदा वाचला असेन! अशी माणसं जिथे असतात तिथे राहावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं. तोवर मी तिथे फक्त कामाला होते.

माझा प्रबंध साधा झाला. त्यात नवा शोध नाही. तोच उतार आधीपेक्षा जरा नेमका मोजलेला आहे, आणि खोट्या जोड्या ओळखायची एक रीत आहे. पत्रकार आले नाहीत. चार महिने नोकरी नव्हती; एका शाळकरी मुलीला गणित शिकवून आणि क्लाराच्या माळ्यावरच्या खोलीत राहून काढले. मग यान यांच्याच गटातून बोलावणं आलं. ती तपासणी आता तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करावी लागते. पोरं कुरकुरतात. मी कुरकुरू देते.

आबा निवृत्त झाल्यावर ते आणि आई एकदा इकडे आले. हिवाळ्यात यंत्र बंद असतं तेव्हा पाहुण्यांना खाली नेता येतं. पिवळ्या हेल्मेटखाली आईचा पदर बसेना. कणांचे माग टिपणारा डिटेक्टर चार मजली इमारतीएवढा, आई मान मागे टाकून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं मोठं केलंय, आणि बघायचं काय, तर न दिसणारं." एवढ्या नेमक्या शब्दांत आमचं काम मला कधी सांगता आलेलं नाही.

आबा डिटेक्टरकडे फारसे बघत नव्हते. ते भिंतीशी गेले, काँक्रीटवर तळवा टेकला. "इथं पाणी झिरपतं."

देखभाल करणारा एक फ्रेंच गृहस्थ आमच्याबरोबर होता. मी त्याला सांगितलं. तो थबकला. म्हणाला, "रोज झिरपतं. पंप चालू असतात. यांनी कसं ओळखलं?" मग तो आम्हाला गटाराकडे घेऊन गेला. दोघं वाकून बसले. आबांनी विचारलं, पाण्याबरोबर माती येते का ते कोण बघतं? तो म्हणाला, मी बघतो, सकाळ-संध्याकाळ, वहीत लिहितो. मी दोन्हीकडचं भाषांतर करत होते, पण थोड्या वेळाने त्यांना माझी गरज उरली नाही. आबा मराठीत बोलत, तो फ्रेंचमध्ये, आणि दोघं बोटाने ओल दाखवत होते. जगातली सर्वांत हुशार माणसं जिथे काम करतात असं मी तुम्हाला सांगत असते, तिथे माझे वडील पहिल्या अर्ध्या तासात एका माणसाचे सहकारी झाले. निघताना त्या गृहस्थाने स्वतःची टॉर्च आबांना दिली. वर आल्यावर आबा मला म्हणाले, "माणूस चांगला हाय. नजर ठेवून असतो."

तेव्हा मला एसटीची ती मागची काच आठवली, आणि कळलं की गाडी घाट चढून जाईपर्यंत वरून काही येत नाही ना, तेच ते बघत होते. त्या गाडीत मी होते.

या मे महिन्यात कुडपणला महिनाभर राहिले. वाडीतली निम्मी घरं कुलुपात आहेत. कुणी मुंबईला, कुणी सुरतेला. महाडला काझी सरांना भेटायला गेले, त्यांचे भाऊ आता कायमचे परत आलेत आणि दिवसभर तिकडच्या शहरांच्या आठवणी काढत ओटीवर बसतात. सर हसून म्हणाले, "तिकडे असताना यांना महाड आठवायचं. आता इकडे यांना दुबई आठवते. मी एकटाच कुठे गेलो नाही, आणि मला सगळंच ऐकावं लागतं."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई अंगणात नाचणी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "परवा घरी पोचशील ना?"

मी चमकले. "घरी? मी घरीच आहे की, आई."

"हे हायच गो. हे कुठं जातंय? तुझं तिथलं घर म्हणते मी. किती दिवस बंद असेल. तुझी ती शिकणारी पोरं वाट बघत असतील."

तिने हे अगदी सहज म्हटलं. इतकी वर्षं मी तो शब्द तिकडच्या जागेसाठी वापरला नव्हता. फ्लॅट म्हणायची, रूम म्हणायची. वाटायचं, घर म्हटलं तर आईला वाईट वाटेल, आणि तिने ते कधीच म्हणून टाकलं होतं, मला विचारायला न थांबता.

"परवा संध्याकाळी पोचेन," मी म्हणाले.

"मग पोचल्यावर आधी खिडक्या उघड," आई म्हणाली, आणि सुपातली नाचणी पुन्हा वर उडवली.